रोमन ब्राँझ नाणं ओळखायचं तर आधी ते उलटं करा

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही बर्मिंगहॅमला राहता. तिथल्या नाण्यांच्या प्रदर्शनातून माती लागलेल्या, साफ न केलेल्या रोमन नाण्यांची एक पिशवी घेतलीत. त्यातली जरा बरी दिसणारी तीन नाणी निवडून त्यांचे फोटो, व्यास आणि वजनं दिलीत. पहिलं मोठं, ३२ मिलिमीटरचं, २३ ग्रॅमचं: दाढीवाला माणूस, मागे उभी बाई आणि तिच्या दोन बाजूंना एस आणि सी ही अक्षरं. दुसरं १७ मिलिमीटर, २.३ ग्रॅम: मागे दोन माणसं समोरासमोर उभी, मध्ये काठ्यांसारखं काहीतरी. तिसरं जेमतेम १३ मिलिमीटर, एक ग्रॅमच्या आसपास, आणि मागे कोणीतरी कोणालातरी ओढत नेतंय. मोबाइलवरच्या ॲपने तिन्ही वेळा ‘कॉन्स्टँटाइन’ (चौथ्या शतकातला रोमन सम्राट) असं उत्तर दिलं, त्यामुळे तुम्ही गोंधळलात. शिवाय तिसऱ्या नाण्यावर फिकट हिरवी पूड दिसते, ती कशी काढायची आणि या नाण्यांना किंमत किती, हेही विचारलंय.

ॲपचं असं का झालं, ते आधी सांगतो, कारण नवखा माणूसही हेच करतो. आपण नाणं हातात घेतलं की पहिल्यांदा चेहरा बघतो. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर याचा उपयोग होतो. सम्राट नीरोची जाड मान, व्हेस्पेजियनचं सुरकुतलेलं कपाळ, हेड्रियनची आखूड दाढी हे सगळं त्या त्या माणसाचं चित्र आहे. चौथ्या शतकात हे संपतं. जर्मनीतल्या ट्रियरपासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियापर्यंत डझनभराहून जास्त टांकसाळी एकाच वेळी नाणी पाडत होत्या आणि जवळजवळ सगळीकडे तोच गुळगुळीत दाढी केलेला, सरळ नाकाचा तरुण. बाप, मुलगे, पुतणे, सगळे एकाच साच्यातले. त्या चेहऱ्यांवरून राजा ओळखणं मलाही जमत नाही, कोणालाच जमत नाही. त्या शतकात सर्वात जास्त नाणी कॉन्स्टँटाइनच्या घराण्याची, म्हणून ॲप तेच नाव फेकतं.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी व्यास आणि वजन, मग धातू, मग डोक्यावर काय घातलंय ते, मग नाणं उलटं करून मागचं चित्र, मग त्या चित्राखालची बारीक अक्षरं, आणि सर्वात शेवटी नाव. पहिल्या चार गोष्टींवरून नाणं कोणत्या दशकातलं आहे हे बहुतेक वेळा कळतं. नाव कळालं तर उत्तम, नाही कळालं तरी काम झालेलं असतं.

साधनं फार लागत नाहीत. दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मोबाइलचा टॉर्च. टॉर्च नाण्याच्या वरून मारू नका. नाणं टेबलावर ठेवा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च नाण्याच्या बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. अक्षरांच्या सावल्या पडतात. नाणं हळूहळू फिरवत गेलं की जे दुपारच्या उजेडात सपाट वाटत होतं तिथे अर्धा ‘टी’ आणि पाऊण ‘ए’ उगवतात. तुमचे फोटो वरून फ्लॅश मारून काढलेत, त्यात हेच हरवलंय.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. नाणं कुठे सापडलं हे माहीत असलं तर निम्मं काम सोपं होतं. पण विक्रेत्यांच्या अशा पिशव्यांतलं बरंचसं बाल्कन देशांतून आलेलं असतं आणि गावाचं नाव कोणी सांगत नाही. दुसरं, अक्षरं ग्रीक असली तर ते नाणं रोमच्या साम्राज्यातलं असूनही स्थानिक शहराचं असतं, आणि त्याची सूची वेगळी. तिसरं, नाणं त्या काळातली स्थानिक नक्कलही असू शकतं. इंग्लंडमध्ये ही शक्यता मोठी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

माप आणि वजन इतकं बोलकं का, तर रोमन ब्राँझ नाणं जवळजवळ चारशे वर्षं लहान होत गेलं. पहिल्या-दुसऱ्या शतकात सेस्टर्शियस हे मोठं पितळी नाणं पंचवीस ग्रॅमच्या आसपास. त्याच्या अर्ध्या किमतीचं ड्युपोंडियस, तेही पितळी, बारा-तेरा ग्रॅमचं. त्याच्याही अर्ध्या किमतीचं ॲस हे तांब्याचं, दहा-अकरा ग्रॅमचं. तिसऱ्या शतकात चांदीच्या नावाखाली जवळजवळ तांब्याचंच असलेलं अँटोनिनियानस सगळा बाजार व्यापून टाकतं. त्याची खूण म्हणजे सम्राटाच्या डोक्यावरचा सूर्यकिरणांचा काटेरी मुकुट. साधारण २९४ मध्ये डायोक्लेशियनने पुन्हा मोठं, दहा ग्रॅमचं नाणं काढलं. ते वीसेक वर्षांत तीन-चार ग्रॅमवर आलं, ३३० च्या सुमारास अडीचवर, ३३५ नंतर दीडच्या आसपास. ३४८ मध्ये पुन्हा नवं मोठं नाणं आलं आणि तेही असंच घसरलं. शतक संपताना नखाएवढी नाणी उरली. महागाई कागदावर नसते तेव्हा ती धातूत दिसते. वजन बघताना एवढं ध्यानात ठेवा की झिजेने थोडं आणि जमिनीतल्या क्षारांनी बरंच वजन जातं. दोन-चार दशांश इकडे-तिकडे झाले म्हणून वाद घालू नये.

आता तुमचं पहिलं नाणं. ३२ मिलिमीटर, २३ ग्रॅम, आणि नाकाच्या व गालाच्या उंच भागावर झीज होऊन जी चमक दिसते ती पिवळसर आहे. लालसर असती तर तांबं. पिवळी म्हणजे पितळ, रोमन लोकांचं ओरिकॅल्कम, म्हणजे हे सेस्टर्शियस. (धातू बघायला म्हणून कुठेही खरवडू नका, जिथे आपोआप घासलं गेलंय तिथेच बघा.) एस आणि सी या अक्षरांचा अर्थ ‘सीनेटच्या ठरावाने’ असा सांगतात. ऑगस्टसपासून तिसऱ्या शतकापर्यंत रोमच्या बहुतेक ब्राँझ नाण्यांवर ती असतात. त्यामुळे ती दिसली की कॉन्स्टँटाइन बाद. सीरियातल्या अँटिऑकच्या नाण्यांवरही ही दोन अक्षरं माळेच्या आत मोठी कोरलेली असतात, पण दुसऱ्या शतकात तिथे सम्राटाभोवतीचा लेख, म्हणजे कडेने कोरलेली अक्षरं, ग्रीक असतो. तुमचा लॅटिन आहे.

दाढीने अजून एक पायरी खाली उतरता येतं. ऑगस्टसपासून ट्रेजनपर्यंत सम्राट गुळगुळीत दाढी केलेले, नीरोसारखा एखादा अपवाद सोडला तर. ११७ मध्ये हेड्रियन आला आणि पूर्ण दाढी राजमान्य झाली. म्हणजे तुमचं नाणं ११७ नंतरचं. तिसऱ्या शतकातले सेस्टर्शियस साधारणपणे हलके आणि कडेने चौकोनी पडलेले असतात. तुमचं गोल आहे आणि वजन भरपूर आहे, त्यामुळे मी दुसऱ्या शतकावर बोट ठेवीन.

आता लेख. रोमन लेख बहुधा डावीकडे खाली, घड्याळात सात वाजतात तिथून सुरू होतो आणि काट्यांच्या दिशेने फिरतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो. तुम्ही लिहिलंय की वरच्या बाजूला ‘निनस’ आणि त्यापुढे ‘ए व्ही जी’ वाचता येतं. ए व्ही जी म्हणजे ऑगस्टस ही पदवी. निनस म्हणजे बहुधा अँटोनिनस. पण इथेच मजा आहे, कारण अँटोनिनस हे नाव अँटोनिनस पायस, मार्कस ऑरेलियस, कॉमोडस, कॅराकॅला आणि एलागाबालस या सगळ्यांनी लावलं. कोणता अँटोनिनस हे ठरतं ते पदव्यांच्या क्रमाने. दाढी आलेल्या कॅराकॅलाच्या आणि एलागाबालसच्या लेखात ‘पायस’ आधी आणि ‘ऑगस्टस’ नंतर. अँटोनिनस पायसच्या लेखात नेमकं उलटं: ऑगस्टस आधी, मग पायस. तुमच्या नाण्यावर नावापाठोपाठ लगेच ए व्ही जी आहे, त्यामुळे शेवटचे दोघे मागे पडतात. कॉमोडस असता तर अँटोनिनसच्या आधी कॉमोडस हे नाव दिसलं असतं. उरले पायस (१३८ ते १६१) आणि मार्कस ऑरेलियस (१६१ ते १८०). ए व्ही जी नंतरची दोन अक्षरं टॉर्च आडवा धरून बघा. ‘पी आय’ असलं तर पायस. फोटोतली लांबट, बारीक चेहऱ्याची आणि नीट कातरलेल्या दाढीची ठेवण बघून माझा कौल त्याच्याच बाजूने आहे. मार्कसची दाढी लांब आणि केस दाट कुरळे असतात. या काळात चेहऱ्याची साक्ष चालते.

मागच्या बाईच्या हातात काय आहे ते मात्र फोटोत दिसत नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. तराजू असला तर समन्याय, म्हणजे इक्विटास. सुकाणू आणि फळांचं शिंग असलं तर फॉर्च्युना. वेदीवरच्या सापाला खाऊ घालत असेल तर आरोग्यदेवता सालुस. कणसं आणि पायाशी धान्याचं माप असलं तर अन्नोना, रोमच्या धान्यपुरवठ्याची देवी. एका हाताने झगा किंचित उचलून दुसऱ्या हातात फूल धरलं असेल तर आशेची देवता स्पेस. कडेला ‘टी आर पी’ ही अक्षरं आणि त्यापुढे रोमन आकडा वाचता आला तर नाण्याला वर्षच मिळतं, कारण सम्राटाचा तो अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जाई. पायसच्या नाण्यावर टी आर पी पुढे चोवीस असेल तर ते १६०-१६१ मधलं, म्हणजे त्याच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटचं.

दुसऱ्या नाण्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे. असल्या पिशव्यांत हेच नाणं सर्वात जास्त निघतं, आणि ते एक नीट वाचता आलं की उरलेली पन्नास वाचता येतात.

दोन सैनिक समोरासमोर, हातात भाले, ढालींवर टेकलेले, आणि मध्ये तुम्ही काठ्या म्हणता ती सैन्याची निशाणं. भोवतीचा लेख ‘ग्लोरिया एक्सर्सिटस’, सैन्याचा गौरव. आता निशाणं मोजा. दोन असली तर नाणं ३३० ते ३३५ मधलं, एकच असलं तर ३३५ नंतरचं, ३४० च्या थोडं पुढेपर्यंतचं. ही नुसती सजावट नव्हती. ३३५ मध्ये नाणं हलकं केलं, धातूचा गोल तुकडा लहान झाला, आणि दोन निशाणांना जागा उरली नाही. तुमच्या फोटोत मला दोन दांडे दिसतात. १७ मिलिमीटर आणि २.३ ग्रॅम त्याच्याशी जुळतात. एका निशाणाची नाणी पंधरा-सोळा मिलिमीटरची आणि दीड ग्रॅमच्या आसपासची असतात. बघा, अजून चेहऱ्याकडे बघितलंही नाही आणि आपण पाच वर्षांच्या खिडकीत येऊन पोचलो.

आता पुढची बाजू. ३३० ते ३३५ मध्ये हे नाणं सम्राट कॉन्स्टँटाइन पहिला आणि त्याचे मुलगे यांच्या नावाने पडत होतं: कॉन्स्टँटाइन दुसरा, कॉन्स्टँटियस दुसरा आणि धाकटा कॉन्स्टन्स. ३३५ मध्ये पुतण्या डेल्मेशियसही त्यांत आला आणि ३३७ मध्ये मारला गेला. त्याचं नाणं मिळालं तर खूश व्हा, ती कमी आहेत. नावं इतकी सारखी की लिहिणाऱ्यालाही चकवतात. माझी रीत अशी: ‘कॉन्स्टँट’पर्यंत बाप आणि दोन्ही मोठ्या मुलांचं सारखंच आहे, तिथे वेळ घालवू नका. त्यापुढे अक्षरं मोजा. आय, एन, व्ही, एस अशी चार असली तर कॉन्स्टँटाइन, बाप किंवा मुलगा. आय, व्ही, एस अशी तीनच असली तर कॉन्स्टँटियस. धाकट्या कॉन्स्टन्सच्या नावात मुळात ‘टी’ एकच आहे.

बाप की मुलगा हे नावावरून कळत नाही, पदवीवरून कळतं. आपल्या लग्नपत्रिकेत नावाआधी ‘चि.’ आहे की ‘श्री.’ यावरून पिढी कळते तसंच हे आहे, फक्त इथे ते नावानंतर येतं. बापाच्या नावापुढे ‘एम ए एक्स ए व्ही जी’, म्हणजे मॅक्सिमस ऑगस्टस. मुलाच्या नावापुढे ‘आय व्ही एन’, म्हणजे धाकटा, आणि मग ‘एन ओ बी सी’, म्हणजे अत्यंत कुलीन सीझर. सीझर म्हणजे त्या काळात युवराज. लेख झिजला असेल तर डोक्याकडे बघा. सम्राट ३२४ नंतर रत्नांचा किंवा फुलांचा पट्टा, डायडेम, बांधू लागला, तर युवराजांच्या डोक्यावर बहुधा जुनी लॉरेलच्या पानांची माळ. मानेमागे फितीची टोकं दोघांचीही लोंबतात, त्यावर जाऊ नका. कपाळावरून मागे जाताना चौकोन किंवा ठिपक्यांची ओळ दिसते की पानांची, ते भिंगातून बघा.

मग तळ. दोन्ही सैनिकांच्या पायांखाली एक आडवी रेघ आहे. तिच्या खालच्या अर्धचंद्राकृती जागेत तीन ते सहा अक्षरं असतात, ती टांकसाळीची खूण. ‘टी आर’ म्हणजे ट्रियर, जर्मनीतलं. ‘एल जी’ म्हणजे लुग्दुनुम, आजचं लियाँ. ‘एस आय एस’ म्हणजे सिस्किया, क्रोएशियातलं सिसाक. ‘एस एम’ ने सुरुवात झाली तर पवित्र टांकसाळ अशा अर्थाची अक्षरं आणि त्यापुढे शहर: टी एस असलं तर थेस्सालोनिकी, एच असलं तर हेराक्लिया, एन असलं तर निकोमिडिया, के असलं तर सिझिकस, ए एन असलं तर अँटिऑक. उरलेलं एखादं अक्षर कार्यशाळेचं. पश्चिमेत पी, एस म्हणजे पहिली, दुसरी. पूर्वेकडे ग्रीक अल्फा, बीटा, गामा असे क्रम.

इथे एक खोच आहे आणि तिच्यावर अनुभवी माणूसही अडखळतो. तळाला ‘सी ओ एन एस’ दिसलं की आपण कॉन्स्टँटिनोपल लिहून मोकळे होतो. पण फ्रान्समधल्या आर्ल शहराला ३२८ च्या सुमारास सम्राटाच्या कुटुंबाच्या नावावरून कॉन्स्टँटिना हे नाव दिलं गेलं आणि तिथली टांकसाळही ‘कॉन्स्ट’ असंच लिहू लागली. फरक असा: आर्लच्या खुणेत कार्यशाळेचं अक्षर आधी येतं, पी किंवा एस, आणि शेवटी टी असतो. कॉन्स्टँटिनोपलच्या खुणेत कार्यशाळेचं ग्रीक अक्षर शेवटी. तुमच्या फोटोत तळाला मधली ‘ओ एन एस’ एवढीच वाचता येतात. म्हणून उरलेल्या दोन टोकांवर टॉर्च मारा आणि फक्त तेवढाच फोटो पाठवा. एका अक्षरावर दीड-दोन हजार किलोमीटरचा फरक पडतो.

बर्मिंगहॅमला आहात म्हणून सांगतो, लंडनलाही टांकसाळ होती. ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या कारॉसियसच्या बंडापासून, म्हणजे २८०च्या दशकापासून, ती ३२५ पर्यंत चालली. मात्र ग्लोरिया एक्सर्सिटस नाणं तिच्या नंतरचं, त्यामुळे त्यावर लंडन शोधू नका. तीन ते चार ग्रॅमचं, सूर्यदेव किंवा छावणीचं दार असलेलं नाणं पिशवीत निघालं तर मात्र तळाला ‘पी एल एन’ किंवा ‘पी एल ओ एन’ आहे का ते जरूर बघा.

याच काळातली दोन नाणी तुम्हाला हमखास मिळतील, आणि त्यांवर सम्राट नाहीच. शिरस्त्राण घातलेला चेहरा आणि मागे जुळ्यांना पाजणारी लांडगी असली तर ते रोम शहराचं नाणं. तसाच चेहरा आणि मागे जहाजाच्या नाळेवर उभी पंख असलेली विजयदेवता असली तर कॉन्स्टँटिनोपलचं. ३३० मध्ये नवी राजधानी झाली तेव्हापासूनची ही जोडी. लोक त्यातल्या शिरस्त्राणाखाली सम्राट शोधत बसतात.

इथवर मिळालेलं एकत्र सांगतो. पहिलं सेस्टर्शियस, दुसऱ्या शतकातलं, बहुधा अँटोनिनस पायस. दुसरं ३३० ते ३३५, कॉन्स्टँटाइन घराण्यातलं, नक्की कोण ते पदवीवर, कुठलं ते तळाच्या दोन टोकांवर.

तिसरं नाणं सर्वात गरीब दिसतं. मला तेच सर्वात आवडलं. ओढणारा माणूस दोन वेगवेगळ्या नाण्यांवर असतो. एकावर स्वतः सम्राट, हातात निशाण, उजवीकडे चालत कैद्याला केसाला धरून ओढतोय. ते ‘ग्लोरिया रोमानोरुम’, ३६४ नंतर व्हॅलेंटिनियन, व्हॅलेन्स आणि ग्रेशियन यांचं, आणि ते सतरा-अठरा मिलिमीटरचं असतं. दुसऱ्यावर ओढणारी पंख असलेली विजयदेवता, डावीकडे चाललेली, खांद्यावर शस्त्रांचा विजयस्तंभ, समोरच्या मोकळ्या जागेत खी-रो हे ख्रिस्ती चिन्ह. ते ‘सालुस रेइपुब्लिकाए’, ३८८ नंतरचं, तेरा मिलिमीटरच्या आसपासचं. तुमच्या आकृतीच्या पाठीमागे जो तिरका फुगवटा दिसतोय तो पंख आहे, आणि माप तर बोलतंच आहे. म्हणजे व्हॅलेंटिनियन दुसरा, थिओडोशियस, अर्केडियस किंवा होनोरियस यांपैकी कोणीतरी.

कोण ते मी सांगू शकत नाही, आणि बहुधा कोणीच सांगू शकणार नाही. या नाण्यांचा धातूचा गोल तुकडा ठशापेक्षा लहान कापलेला असायचा, त्यामुळे निम्मं नाव नाण्यावर उमटलेलंच नसतं. ते झिजलेलं नाही, तिथे कधी नव्हतंच. सूचीत याची नोंद ‘थिओडोशियस घराणं, ३८८ नंतर’ अशी करून पुढे जायचं. अर्धवट अक्षरांवरून जबरदस्तीने होनोरियस लिहिण्यापेक्षा हे बरोबर आहे.

हेच नाणं मला आवडण्याचं कारण असं की चौथ्या शतकाच्या अखेरीची आणि पाचव्याची अशीच चिमुकली तांब्याची नाणी तमिळनाडूत करूर, मदुराई भागात आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येने सापडतात. श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकलाही निघतात. महाराष्ट्रात रोमन ब्राँझ नाणी क्वचितच. आपल्याकडे तेर वगैरे ठिकाणी रोमन नाण्यांवरून घडवलेल्या भाजक्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. ‘रोमन नाणं’ म्हणून कोणी नाशिक-पुण्याकडून फोटो पाठवला, आणि त्यावर माणसाचं डोकं, भोवती ग्रीक वाटणारी अक्षरं आणि मागे बाण व वज्र असलं, तर ते चांदीचं नहपान क्षत्रपाचं नाणं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर नाण्यांचा साठा निघाला, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा उमटवलेला होता. ही नाणी रोमन नाहीत, पण चकायला होतं हे खरं.

आता नकलांबद्दल. पिशवीतल्या उरलेल्या नाण्यांत अक्षरं नुसत्या उभ्या रेघा वाटली, सैनिक काडीचे दिसले आणि माप पंधराच्या खाली गेलं, तर तुमची नजर ठीक आहे, नाणंच तसं आहे. ब्रिटन आणि गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) सरकारी नाणं कमी पडलं की लोक स्वतःच पाडायचे. २७०च्या दशकात गॉलचा बंडखोर सम्राट टेट्रिकस याच्या काटेरी मुकुटाच्या नाण्यांच्या, ३४०च्या दशकात ग्लोरिया एक्सर्सिटस आणि लांडगीच्या, ३५०च्या दशकात घोड्यावरून पडणाऱ्या स्वाराच्या नाण्यांच्या नकला ढिगाने आहेत. निरर्थक अक्षरांत नाव शोधत बसू नका. आधुनिक बनावट वेगळी: ती बहुधा ओतलेली असते, कडेला जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांची छोटी भोकं दिसतात. पण दोन-तीन पौंडांच्या नाण्याची बनावट करण्यात कोणाला रस नसतो. सेस्टर्शियसची मात्र कड तपासा.

पुडीबद्दल, कारण हे लगेच करायचं आहे. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर म्हणजे पॅटिना. तो राहू द्या. उशिराच्या ब्राँझ नाण्यांवर अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच शिल्लक असतात, खालच्या धातूत नसतात. थर काढला की नाव गेलं. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी यांतलं काहीही लावायचं नाही. पण दातकोरणीने टोचल्यावर फिकट हिरवी पूड भुगा होऊन पडत असेल तर तो ब्राँझचा रोग. धातूत अडकलेला क्लोराइड हवेतल्या ओलाव्याने पुन्हा पुन्हा आम्ल तयार करतो आणि नाणं आतून खातो. ते नाणं आधी इतरांपासून वेगळं ठेवा. पूड लाकडी दातकोरणीने काढा. मग सोडियम सेस्क्वीकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणात ठेवा आणि द्रावण बदलत राहा. ते नसेल तर डिस्टिल्ड पाणी, नळाचं नको, कारण त्यातच क्लोरीन. याला दिवस नाही, आठवडे लागतात. शेवटी मंद उष्णतेवर पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डबीत ठेवा आणि अधूनमधून बघा, पूड परत आली तर पुन्हा तेच. पुढे ही नाणी मुंबईला किंवा कोकणात नेणार असाल तर सिलिका जेलचा कंटाळा करू नका. रोग नसलेल्या नाण्यांची माती काढायलाही डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश आणि दातकोरणी पुरतात.

सूचीतला नेमका क्रमांक हवा असेल तर अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची ओसीआरई ही मोफत ऑनलाइन सूची वापरा. तिथे सम्राट माहीत नसला तरी टांकसाळ, मागचं चित्र आणि लेखाचा तुकडा टाकून शोधता येतं. फोटोही बघायला मिळतात. ॲपपेक्षा वेळ लागतो, पण उत्तर का आलं ते कळतं.

किंमत विचारली आहेत म्हणून: दुसरं आणि तिसरं नाणं पैशाच्या हिशेबात किरकोळ. पहिल्याला झिजलेलं असूनही थोडी किंमत आहे, पायसच असलं आणि मागची देवता वाचता आली तर आणखी. विक्रेत्याकडून पावती घ्या, आणि माल कुठून आला हे विचाराच. उद्या तुम्हीच मेटल डिटेक्टर घेऊन शेतात गेलात आणि नाणी सापडली, तर ब्रिटिश म्युझियम चालवत असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे नोंद करा. साठा निघाला तर १९९६ च्या ट्रेझर कायद्याखाली कळवणं बंधनकारक असतं. भारतातल्या वाचकांसाठी: जमिनीत सापडलेला ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा असतो, आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी नेता येत नाही.

पिशवीतल्या उरलेल्या नाण्यांचे चेहरे बघू नका. आधी व्यासाप्रमाणे तीन ढीग लावा: वीसच्या वर, पंधरा ते वीस, पंधराच्या खाली. मग प्रत्येक ढिगातली नाणी उलटी ठेवून सारखी चित्रं एकत्र करा. दोन सैनिक, माळेतले आकडे, घोड्यावरून पडणारा स्वार, ओढली जाणारी माणसं, असे गट आपोआप पडतील. त्या गटांचे आडव्या उजेडात काढलेले फोटो पाठवा, सोबत पहिल्या नाण्यावरची ए व्ही जी नंतरची दोन अक्षरं आणि दुसऱ्याच्या तळाची दोन टोकं.